पट्टा मनगटाला, कुंपण समुद्राला

नोव्हेंबर संपत आला की न्यू जर्सीपासून टोरंटोपर्यंतच्या मराठी घरांत एक बेत हमखास शिजतो : चार दिवस कुठंतरी उन्हात जाऊ. कानकुन झालं, पुंता काना झालं, यंदा जमैका. दोन-तीन कुटुंबं मिळून एखादा 'ऑल-इन्क्लुझिव्ह' रिसॉर्ट ठरवतात. खोली, तिन्ही त्रिकाळ खाणं, दारू, मुलांचा क्लब, संध्याकाळची गाणी, सगळं एका रकमेत. माँटेगो बेच्या सँगस्टर विमानतळावर उतरायचं, रिसॉर्टच्या बसमध्ये बसायचं, फाटकाच्या आत गेलं की मनगटावर रंगीत पट्टा बांधून घ्यायचा आणि परतीच्या दिवशी तो कात्रीनं कापायचा. लग्नाला जाऊन कार्यालयातूनच परत फिरावं आणि गाव पाहिलं म्हणून सांगावं, तशातलाच हा प्रकार.

त्यावरचा उपदेशही ठरलेला आहे. बाहेर पडा, टपरीवर खा, लोकांशी बोला, खरा जमैका पाहा. मला हा उपदेश अपुरा वाटतो. तो सगळा भार पर्यटकाच्या स्वभावावर टाकून मोकळा होतो : धीट तो बाहेर जाईल, भित्रा आत बसेल. पण रिसॉर्टची भिंत कुणाच्या स्वभावातून उभी राहिलेली नाही. तिच्या पायात एक वसाहतकालीन कायदा आहे, सत्तरच्या दशकातली भीती आहे आणि पैशाचा रोकडा हिशेब आहे. शिवाय ती भिंत पर्यटकाला जेवढं आत ठेवते, त्याहून कितीतरी कडकपणे जमैकन माणसाला बाहेर ठेवते. पाहुण्यानं बाहेर पडावं की नाही, हा नंतरचा प्रश्न झाला. यजमानाला स्वतःच्या समुद्रात पाय बुडवता येतात का, हा आधीचा.

जमैका हे पुणे जिल्ह्याहूनही लहान बेट. लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास, आणि वर्षाला येणारे पाहुणे, क्रूझवाले धरून, चाळीस लाखांच्या वर. एवढ्याशा जागेत एवढी माणसं येणार म्हटल्यावर कुणाला कुठली जागा मिळणार याची भांडणं होणारच. ती रिसॉर्टांच्या आधीपासून चालू आहेत. माँटेगो बेचा प्रसिद्ध 'डॉक्टर्स केव्ह' किनारा १९०६ पासून एका स्नान-क्लबच्या ताब्यात होता. किंग्स्टनमधल्या मर्टल बँक हॉटेलच्या तलावात कृष्णवर्णीयांनी उतरायचं नाही, असा अलिखित नियम होता. १९४८ साली इव्हन ब्लेक या पत्रकारानं सरळ त्या तलावात उडी मारली. गोरे पाहुणे धडाधड पाण्याबाहेर आले. जमैकाच्या स्वातंत्र्याला तेव्हा अजून चौदा वर्षं होती. पोहण्यासाठी पाण्यात शिरणं हे राजकीय कृत्य ठरू शकतं, हे त्या बेटाला बऱ्याच आधी कळलेलं आहे.

१९५६ मध्ये, म्हणजे ब्रिटिश अमलातच, 'बीच कंट्रोल ॲक्ट' आला. त्यानं किनाऱ्याचा भरती-ओहोटीमधला पट्टा आणि समुद्राचा तळ राजसत्तेच्या मालकीचा ठरवला. ऐकायला हे चांगलं वाटतं. सरकारचा म्हणजे सगळ्यांचा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या कायद्यानं सर्वसामान्य माणसाला तिथं जाऊन आंघोळ करण्याचा, पोहण्याचा हक्क दिलाच नाही. किनाऱ्याला लागून ज्याची जमीन आहे, त्याला घरगुती वापराची मुभा. हॉटेलला व्यवसायासाठी परवाना. पूर्वापार मासेमारी करणाऱ्यांना त्यांचा जुना हक्क. आणि उरलेल्यांना? उरलेल्यांनी सरकारनं ठरवून दिलेल्या सार्वजनिक किनाऱ्यांवर जावं. रेती सरकारची असली तरी रेतीपर्यंतची वाट खासगी जमिनीतून जाते, आणि त्या वाटेवर फाटक बसलं की मालकी कागदावर कुणाचीही असो, समुद्र हॉटेलचा होतो. ६ ऑगस्ट १९६२ रोजी झेंडा बदलला. हा कायदा राहिला.

भीतीचा भाग त्यानंतरचा. पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांच्या काळात, १९७६ मध्ये, देशात आणीबाणी लागली. १९८० च्या निवडणुकीच्या हिंसाचारात आठशेच्या आसपास माणसं मारली गेली. अमेरिकन वर्तमानपत्रांत जमैका म्हणजे गोळीबार, असं समीकरण झालं. हॉटेलं ओस पडली. सगळं एका रकमेत देण्याची कल्पना मूळची युरोपातली. क्लब मेडनं १९५० मध्ये माय्योर्का बेटावर तंबू ठोकून ती सुरू केली होती. जमैकात तिला नवाच अर्थ मिळाला. जॉन इस्सा यांनी १९७६ मध्ये नेग्रिलला असं हॉटेल काढलं आणि १९७८ मध्ये ओचो रिओसजवळ खास जोडप्यांसाठी दुसरं. १९८१ मध्ये घरगुती उपकरणांच्या धंद्यातले गॉर्डन 'बुच' स्ट्युअर्ट यांनी माँटेगो बेचं एक डबघाईला आलेलं हॉटेल घेऊन 'सँडल्स' उभं केलं. दोघेही जमैकनच. ग्राहकाला त्यांनी जे विकलं त्यात बुफे आणि बार होताच, पण मुख्य माल एकच होता : तुम्हाला बाहेर पडावं लागणार नाही, याची हमी. त्या दिवसांत ही हमी नसती तर कदाचित पर्यटनच संपलं असतं. इस्सा आणि स्ट्युअर्ट यांना दोष देण्याचं मला काही कारण दिसत नाही. बुडत्या धंद्याला त्यांनी काठ दाखवला.

दोष पुढचा आहे. भीती ओसरली तरी तिच्यावर बेतलेली इमारत वाढतच गेली. नव्या शतकात स्पॅनिश साखळ्या आल्या, शेकडो खोल्यांची हॉटेलं उत्तर किनाऱ्यावर एकाला लागून एक उभी राहिली, आणि ज्या किनाऱ्यांवर गावातली पोरं शाळा सुटल्यावर पोहायला जायची, तिथं पहारेकरी आले. सेंट ॲन परगण्यातल्या मॅमी बे इथं २०२१ च्या सुमाराला कोळ्यांची आणि गावकऱ्यांची वाट बंद झाली आणि त्यातून किनाऱ्यावरच्या जन्मसिद्ध हक्काची मागणी करणारी 'जॅबेम' ही चळवळ उभी राहिली. पुढं ब्लू लगून, बॉब मार्ली बीच, माँटेगो बेचा प्रॉव्हिडन्स किनारा असे एकेक दावे कोर्टात गेले. सर्वसामान्यांना मुक्तपणे जाता येईल असा किनारा आता एक टक्काही उरलेला नाही, असं चळवळीचं म्हणणं आहे. एक टक्का की पाच, यावर वाद घालता येईल. उत्तर किनाऱ्याच्या हमरस्त्यावरून गाडीनं जाताना समुद्राऐवजी मैलोन्मैल भिंतच दिसते, यावर वाद घालता येणार नाही.

चळवळीच्या वकिलांनी धरलेलं हत्यार आपल्याकडच्या कुठल्याही तालुका कोर्टातल्या माणसाला ओळखीचं वाटेल : वहिवाट. जमैकाचा १८८२ चा एक कायदा सांगतो की लोकांनी एखादा किनारा वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता, मासेमारीला किंवा आंघोळीला वापरला असेल, तर तो वापर हक्क बनतो. म्हणजे मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी साक्षीला उभं राहायचं आणि सांगायचं की आमच्या लहानपणापासून आम्ही इथं येतो. पोर्टलंड परगण्यातल्या विनिफ्रेड बीचचे लोक असेच लढले. एका सरकारी विकास महामंडळाला तिथं उंची पर्यटन आणायचं होतं. गावकऱ्यांनी संस्था काढली, स्वतः किनारा झाडला, वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, आणि २०१४ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. पण हा एका किनाऱ्याचा विजय. प्रत्येक गावानं आपल्या समुद्रासाठी अशी वीस वर्षांची साक्ष काढत बसायचं, हा कसला कायदा?

गोव्यातल्या वाचकाला इथं दोना पावलजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची आठवण होईल. तिथल्या पंचतारांकित हॉटेलनं किनाऱ्याकडे जाणारी लोकांची जुनी वाट बांधकामानं अडवली, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २००९ मध्ये न्यायालयानं वाट मोकळी करा, आड येणारं बांधकाम पाडा, असं सांगितलं. समुद्रकिनारा ही सरकारकडे जनतेनं विश्वासानं सोपवलेली ठेव आहे, अशी भूमिका त्या निकालात आहे. मग काय झालं? राज्य सरकारनं त्याच वर्षी भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून हॉटेलच्या बचावाची सोय केली. तेव्हा जमैकाकडे बोट दाखवताना आपण फार ताठ उभं राहू नये. फरक इतकाच की आपल्याकडे तत्त्व लोकांच्या बाजूनं आहे आणि व्यवहार अधूनमधून त्याला फसवतो. जमैकात तत्त्वच लोकांच्या बाजूनं नाही. कॅरिबियनमध्येच बार्बेडोसनं किनारे सर्वांना खुले ठेवले आहेत आणि तिथल्या उंची हॉटेलांचं त्यावाचून काही अडलेलं नाही. हॉटेलसमोरच्या रेतीवर स्थानिक माणूस दिसला तर पर्यटक पळून जातील, ही समजूत बार्बेडोसनं केव्हाच खोटी पाडलेली आहे.

आता पैशाचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं पूर्वी दिलेला एक अंदाज या चर्चेत नेहमी फिरतो : श्रीमंत देशातला पर्यटक सहलीवर शंभर डॉलर खर्च करतो, त्यातले पाचच्या आसपास गरीब यजमान देशात राहतात. हा आकडा जमैकाला जसाच्या तसा लावणं चुकीचं होईल, कारण पगार तिथंच होतात, करही तिथंच भरले जातात, आणि काही मोठ्या साखळ्या जमैकन मालकीच्या आहेत. पण पैशाची वाट पाहिली की दिशा कळते. सहलीचं पॅकेज न्यूयॉर्कमध्ये विकलं जातं, पैसे तिथंच भरले जातात, विमान परक्याचं, स्पॅनिश साखळीचा नफा स्पेनला, आणि बुफेवरची कितीतरी जिन्नसं मायामीहून कंटेनरनं येतात. मुख्य म्हणजे सगळं आधीच भरलेलं असल्यानं पाहुण्याला बाहेर एक डॉलरही खर्च करायचं कारण उरत नाही. समोरच्या टपरीवरची पॅटी कितीही चांगली असो, फुकटच्या बर्गरशी ती स्पर्धा करू शकत नाही. एका रकमेचा हा करार टॅक्सीवाला, भाजीवाली, खाणावळ, नाव वल्हवणारा कोळी या सगळ्यांना पहिल्याच दिवशी बाद करतो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. शेतकऱ्याचा माल हॉटेलांपर्यंत पोहोचावा म्हणून 'ॲलेक्स' नावाची ऑनलाइन व्यवस्था उभी केली आहे. हॉटेल कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची योजना कायद्यानं आणली आहे. आयुष्यभर कंत्राटावर राबलेल्या माणसांना म्हातारपणी काहीच नव्हतं, तिथं ही मोठीच गोष्ट. तरी २०२४ च्या अखेरीला पश्चिम किनाऱ्यावरच्या हॉटेलांत पगार आणि कंत्राटांवरून कामगार रस्त्यावर आले. उलट बाजूचं म्हणणंही नोंदवायला हवं, कारण ते वजनदार आहे. माँटेगो बेमध्ये हॉटेल बंद पडलं तर त्या दिवशी चूल पेटत नाही असं ज्यांचं घर आहे, त्यांना 'रिसॉर्ट वाईट' हे वाक्य ऐकवण्याचा अधिकार बाहेरच्या कुणाला नाही. शिवाय हजार खोल्यांना रोज लागणारे टोमॅटो एका दराने, एका आकाराचे, पावसात-दुष्काळात पुरवणं छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. रिसॉर्ट बंद करा असं मी म्हणत नाही. फाटक उघडा, एवढंच म्हणतो, दोन्ही बाजूंनी.

मग फाटकाबाहेर आहे तरी काय? इथं जरा रेंगाळायला हवं, कारण रिसॉर्टच्या माहितीपत्रकात बाहेर म्हणजे एक धबधबा, एक झिपलाइन आणि बॉब मार्लींचं घर एवढंच असतं.

आधी राजधानी किंग्स्टन, जिथं पर्यटक फारसे जात नाहीत. मराठी माणसाला किंग्स्टनला जाण्यासाठी खरं तर सबायना पार्कचं क्रिकेट मैदान हे एकच कारण पुरेसं आहे. फेब्रुवारी १९७१. पहिला दिवस पावसानं वाया गेलेला, भारत ५ बाद ७५. मडगावचा दिलीप सरदेसाई खेळपट्टीवर ठाण मांडून बसला आणि २१२ करून उठला. एकनाथ सोलकरनं ६१ करत त्याला साथ दिली. वेस्ट इंडीज २१७ मध्ये आटोपली आणि अजित वाडेकरनं सोबर्सला जाऊन सांगितलं की फॉलोऑन घ्या. पुढं पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवरच्या पहिल्या कसोटी विजयाचा जो इतिहास घडला, त्याची मान इथं ताठ झाली. त्याच मैदानावर १९७६ मध्ये अंशुमन गायकवाडनं कानावर चेंडू झेलला, हेही विसरायचं नाही. आपल्याकडे घराघरांतल्या म्हाताऱ्यांना रेडिओवरून पाठ झालेलं हे मैदान, आणि आपलीच नातवंडं तीन तासांच्या अंतरावर, उत्तर किनाऱ्यावर, पट्टा बांधून बसतात!

किंग्स्टनमध्येच कोरोनेशन मार्केट आहे. बेटभरच्या शेतकरी आणि व्यापारी बायका आठवड्याच्या शेवटी माल घेऊन इथं येतात. रताळी, याम, कच्ची केळी, चिंच, आंबे, आणि कलालूच्या जुड्या. जमैकातला कलालू म्हणजे आपल्या माठाचाच भाऊबंद. बोकडाची करी तर राष्ट्रीय सणासुदीचा पदार्थ आहे. ती आली १८४५ नंतर. त्या वर्षी १० मे रोजी 'ब्लंडेल' जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन ओल्ड हार्बर बेला लागलं आणि १९१७ पर्यंत छत्तीस हजारांच्या आसपास भारतीय तिथं उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यातले बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडचे, मराठी नव्हेत. पण बुफेवरच्या 'इंडियन नाइट'ला नान शोधणाऱ्या आपल्या मंडळींना, पावणेदोनशे वर्षांपूर्वी आलेल्या माणसांची पणतवंडं पश्चिमेकडच्या वेस्टमोरलंड परगण्यात भेटू शकतात, हे कुणी सांगत नाही. शाकाहाऱ्यांनी तर रिसॉर्टमध्ये सॅलडवर दिवस काढूच नयेत. रास्ताफारी पंथाचं 'आयटल' जेवण मांस वर्ज्य करतं, बरेचजण मीठही टाळतात. नारळाचं दूध, राजमा, भोपळा, कलालू यांचं ते कालवण आपल्या जिभेला परकं वाटत नाही. किंग्स्टनमध्ये अशा खाणावळी आहेत. (अकी मात्र ज्याला तयार करता येते त्याच्याच हातची खावी. फळ पुरतं पिकून आपोआप उघडलं नसेल तर ते विषारी असतं, आणि हे जमैकाचं राष्ट्रीय फळ!)

किंग्स्टनच्या पाठीशी ब्लू माउंटन. सर्वोच्च शिखर २,२५६ मीटर. तिथली कॉफी जगभर नावाजलेली, आणि तिचा मोठा हिस्सा कित्येक वर्षं जपान उचलतो. २०१५ पासून हे डोंगर जागतिक वारसा आहेत, आणि ते केवळ झाडापक्ष्यांसाठी नव्हे. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी, मरून लोकांनी, याच रानात आपली गावं वसवली आणि इंग्रज फौजेला इतकं जेरीस आणलं की १७३९ आणि १७४० मध्ये तिला त्यांच्याशी तह करावे लागले. त्यांची पुढारी नॅनी ही जमैकाच्या राष्ट्रवीरांमधली एकमेव स्त्री. पाचशेच्या नोटेवर ती आहे. गनिमी कावा ज्यांच्या रक्तात भिनलाय असं आपण मानतो, त्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. मूर टाउन, चार्ल्स टाउन ही मरून गावं आजही आहेत. तिथं जायचं तर आधी कळवून, त्यांच्या माणसाला बरोबर घेऊन जायचं. डोंगर उतरून ईशान्येला आलं की पोर्टलंडचा किनारा : बॉस्टन बेमध्ये पिमेंटोच्या लाकडावर भाजलं जाणारं जर्क, म्हणजे मसाला चोळलेलं मांस, रिओ ग्रांदेवरचे बांबूचे तराफे, आणि वर सांगितलेला विनिफ्रेड. बॉस्टनच्या जर्कला स्कॉच बॉनेट मिरचीचा जो ठसका असतो, तो रिसॉर्टच्या जर्कमध्ये परदेशी पाहुण्यांच्या जिभेचा विचार करून काढून टाकलेला असतो. कोल्हापूरच्या माणसानं तो खाऊन तक्रार करण्यात अर्थ नाही.

पण माझ्या युक्तिवादाला सगळ्यात जास्त बळ देतो तो दक्षिण किनारा. सेंट एलिझाबेथ परगणा कोरडा, लाल मातीचा. पाऊस कमी, म्हणून शेतकरी गवत कापून जमिनीवर जाड आच्छादन घालतात आणि ओल धरून ठेवतात. त्यावर कांदापात, टोमॅटो, कलिंगडं पिकतात. बेटाचं भाजीचं कोठार ते हेच. याच परगण्यात ट्रेझर बीच हे कोळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथं अजस्र रिसॉर्ट नाही. छोट्या हॉटेलांत, घरगुती गेस्ट हाउसमध्ये राहायचं, कोळ्याच्या नावेतून फिरायचं, गावातल्या दुकानात बसायचं. पर्यटनातून आलेल्या पैशावर नजर ठेवून शाळा, मैदान, आरोग्य यांची कामं करणारी गावाची संस्था आहे. २००१ पासून तिथं समुद्राकाठच्या मांडवात कॅलाबॅश साहित्य महोत्सव भरतो. जगातले मोठे लेखक येतात, आणि प्रवेश फुकट. शेजारचा कोळी आणि लंडनहून आलेला समीक्षक एकाच रांगेत बसतात. पर्यटन आणि गाव यांच्यामध्ये भिंत लागतेच असं म्हणणाऱ्यांनी ट्रेझर बीचचं काय ते उत्तर द्यावं.

सुरक्षिततेचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१७ मध्ये जमैकात सोळाशेहून अधिक खून झाले होते. एवढ्याशा लोकसंख्येत हा आकडा भयंकर आहे. जानेवारी २०१८ मध्ये माँटेगो बेच्या परगण्यात आणीबाणी लागली तेव्हा परदेशी सरकारांनी आपल्या नागरिकांना रिसॉर्टमध्येच राहण्याचा सल्ला दिला. मात्र त्यानंतर चित्र पालटलं. २०२५ मध्ये खुनांची संख्या सातशेच्या आत आली, कित्येक दशकांत नव्हती इतकी खाली. या हिंसेचा मोठा भाग शहरांतल्या ठरावीक वस्त्यांत टोळ्यांच्या भांडणांत घडतो आणि तिचे बळी बहुतेक गरीब जमैकनच असतात. पर्यटकाला त्रास होतो तो बहुधा वेगळ्या प्रकारचा : मागे लागणारे विक्रेते, गांजा हवा का विचारणारी पोरं, दुप्पट भाडं सांगणारा टॅक्सीवाला. कटकट आहे, जीवघेणं नाही. लाल नंबरपाटीची परवानाधारक टॅक्सी, दोन शहरांमधली चांगली बस, रात्री अनोळखी भागात न भटकणं, ओळखीच्या यजमानाचा सल्ला, एवढं पाळलं तर आईवडिलांना घेऊनही किंग्स्टन किंवा पोर्टलंड करता येतं. 'बाहेर जाऊ नका' हे वाक्य कुणाच्या फायद्याचं आहे, हे मात्र ऐकणाऱ्यानं लक्षात ठेवावं. सहलींचं काउंटर त्याच लॉबीत असतं, आणि बाहेर जाण्याची सुरक्षित सोय तिथं तिप्पट दरानं विकायला ठेवलेली असते.

बाहेर जाणाऱ्यांची मिजासही मला तितकीच खटकते. 'खऱ्या' जमैकाच्या शोधात किंग्स्टनमधल्या ट्रेंच टाउन या गरीब वस्तीच्या गल्लीत शिरून पत्र्यांच्या घरांचे फोटो काढणारा पर्यटक आणि तलावाकाठी कॉकटेल पिणारा पर्यटक यांत पहिला नैतिकदृष्ट्या वरचढ आहे, असं मला वाटत नाही. रिसॉर्टमध्ये खोली आवरणारी बाईदेखील तितकीच खरी जमैकन आहे. पहाटे मिनीबसनं तासभर प्रवास करून ती कामावर येते. तिच्याशी दोन शब्द बोलायला फाटक ओलांडावं लागत नाही. तिला मात्र रविवारी आपली मुलं घेऊन त्याच किनाऱ्यावर येता येत नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथं आहे. पर्यटकानं केलेल्या धाडसानं हे बदलणार नाही. तो दहा टपऱ्यांवर जेवला तरी १९५६ चा कायदा तसाच राहील.

तरीही पर्यटकाच्या हातात काही आहे. आरक्षण करताना एक प्रश्न विचारता येतो : तुमच्या समोरच्या किनाऱ्यावर गावातल्या लोकांना येता येतं का, आणि वाट कुठून आहे? उत्तर अमेरिकेतली मराठी मंडळं सभासदांसाठी मिळून सहली ठरवतात. चाळीस खोल्या घेणाऱ्या गटानं हा प्रश्न ईमेलवर विचारला तर विक्री विभागाला उत्तर द्यावंच लागतं. सात रात्रींतल्या तीन रात्री ट्रेझर बीचला किंवा पोर्टलंडमधल्या पोर्ट अँटोनियोला काढता येतात. आणि जमैकाच्या सरकारकडून अपेक्षा साधी आहे. किनाऱ्यावर जाण्याचा सर्वांचा हक्क कायद्यात लिहावा, ठरावीक अंतरावर सार्वजनिक वाट सक्तीची करावी, आणि हॉटेलच्या परवान्याचं नूतनीकरण त्या वाटेशी बांधावं. किनारा-प्रवेशाच्या धोरणाचे मसुदे निघाले, चर्चा झाल्या. मसुद्यानं फाटक उघडत नाही.

घाई करायला कारण आहे. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानं ट्रेझर बीच आणि आसपासची शेती झोडपली. ती माणसं उभी राहतात न राहतात तोच २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं वादळ ताशी २९५ किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी वेस्टमोरलंडमध्ये जमिनीवर आलं. ब्लॅक रिव्हर हे जुनं बंदर-शहर उद्ध्वस्त झालं, दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर घरांची छपरं उडाली, नावा गेल्या, शेतं गेली. अशा वेळी काय होऊ शकतं याचा दाखला शेजारीच आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर बार्बुडा बेटावरच्या सगळ्या लोकांना अँटिग्वाला हलवलं गेलं. बार्बुडाची जमीन पिढ्यान्पिढ्या सामाईक, आणि २००७ च्या कायद्यानं ती तशी नोंदलेली. लोक अजून परतत असतानाच, काही महिन्यांत, तो कायदा बदलला गेला आणि धनिकांच्या प्रकल्पांना वाट मोकळी झाली. सेंट एलिझाबेथमध्ये छप्पर नसलेल्या कोळ्याला आज कुणी किनाऱ्यालगतच्या जमिनीचा चांगला भाव देऊ केला, तर त्यानं नाही म्हणावं अशी अपेक्षा दुरून करणं सोपं आहे. त्याच्या जागी उद्या जे हॉटेल उभं राहील, त्याच्या नकाशावर समुद्राकडे जाणारी वाट आखलेली असेल की नाही, हे परवाना देणाऱ्या कार्यालयात ठरणार आहे. आणि तिथं अर्ज तपासणाऱ्यापुढे सध्या तरी १९५६ चाच कायदा उघडलेला आहे.